भाच्याला एटी निघालं, आता मावशीने पण टेस्ट करायची?

सुरंगी_वेंगुर्ला:
भाचा 7 वर्षांचा. चालायला लागल्यापासूनच झोकांड्या खातो, सगळे म्हणायचे येईल पायात बळ. मग डोळ्यात लाल शिरा दिसायला लागल्या, डोळे आलेत म्हणून ड्रॉप घालून झाले, सर्दी-खोकला तर कायमचाच. शेवटी मुंबईला जीन टेस्ट झाली, अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया (एटी) म्हणाले, तोल जाण्याचा जन्मजात आजार. डॉक्टरांनी ताईला विचारलं, घरात स्तनाचा कॅन्सर कोणाला? आमची आई त्यानेच गेली, 49 व्या वर्षी. तर म्हणे बहिणींनी पण तपासून घ्या. मी 38. खरंच संबंध असतो? आणि ताईच्या सासरी सुरू झालंय, तुमच्याच घरातून आलं म्हणून. ती रडून रडून अर्धी झालीय.

खाडीकाठ:
मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, पण संबंध आहे. जीनचं नाव एटीएम (पैशेवालं नाही 😀), डीएनए तुटला की दुरुस्तीला हाक देणारं. दोन्ही प्रती बिघडल्या तर हा आजार, एकच बिघडली तर माणूस ठणठणीत, फक्त वाहक. पण वाहक बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या साधारण 2 ते 3 पट असतो, म्हणजे होणारच असं नाही हं, बहुतेकींना होत नाही. तुम्ही वाहक असायची शक्यता निम्मी. भाच्याचा रिपोर्ट सोबत न्या, त्यातला नेमका तोच बदल तुमच्या रक्तात शोधतात. निघालाच तर चाळिशीपासून दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्सरे), एमआरआय त्याआधी हवा का ते डॉक्टर ठरवतील. आणि सासरच्यांचं म्हणाल तर एक प्रत आईकडून, एक बापाकडून. तुमचे भावोजी पण वाहकच.

मालवणी_माणूस:
गो बाय, सासरच्यांका ह्या वाचून दाखव. काय झाला की सुनेच्या म्हायारचा नाव! देवाक गाराणा घालूंदेत, पण आधी नणंदेक रक्त देऊक धाड.

दापोलीकर:
भाच्याचं विसरू नका. एटीच्या मुलांना ल्युकेमिया-लिम्फोमाचा (रक्ताचे आणि लसीकाग्रंथींचे कॅन्सर) धोका बराच असतो आणि रेडिएशन अजिबात सोसत नाही. आपल्याकडे पोरगं पडलं की पहिला एक्सरे, तेव्हा गावातल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, खरंच गरज असेल तरच एक्सरे-सीटी. तुमच्या टेस्टसाठी टाटाचं खारघरचं जेनेटिक्स क्लिनिक आहे, तुतारी एक्सप्रेसने पनवेलला उतरलात की जवळच.

सुरंगी_वेंगुर्ला:
सगळ्यांचे आभार. खाडीकाठचं उत्तर ताईला पाठवलं, तिने सासरच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. आज नणंदेने रिपोर्टचा फोटो मागितलाय.