सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकडाचा गोंद कसा टिकवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड भागात माझी फर्निचरची लहान कार्यशाळा असून तिचे छप्पर पत्र्याचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, पत्र्याखाली तर त्याहूनही अधिक, आणि अशा उष्णतेत पांढरा पीव्हीए गोंद डब्यावर छापलेली मुदत संपण्याआधीच घट्ट होऊ लागतो. हा गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण. झाकण सैल राहिले की पाणी उडून जाते, हे मी जाणतो. परंतु सील न फोडलेला डबाही दाट झाला, तर केवळ ढवळून तो वापरावा का?

काही कारागीर त्यात पाणी घालतात. मला ते पटत नाही, कारण पाण्याने गोंद पातळ दिसला तरी त्यातील घन भाग कमी होऊन सांध्याची ताकद घटते, आणि खुर्चीच्या पायाशी अशी तडजोड मी करू इच्छित नाही. दोन सागवानी तुकडे चिकटवून, दुसऱ्या दिवशी तोडून पाहणे ही चाचणी मला विश्वासार्ह वाटते: लाकडाचे तंतू फाटले तर गोंद चांगला, सांधाच स्वच्छ सुटला तर टाकाऊ.

मोठा डबा घेऊन लहान, काठोकाठ भरलेल्या बाटल्यांत ओतून ठेवल्यास तो अधिक टिकतो का? जमिनीलगत, ओल्या गोणपाटाने वेढलेल्या माठाशेजारी ठेवण्याचा कोणाला अनुभव आहे का? कोरड्या सरसाचे (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाचे) खडे हवाबंद डब्यात वर्षानुवर्षे टिकतात. तेव्हा उन्हाळ्यापुरते सरसाकडे वळणे व्यवहार्य ठरेल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.