तळपद्यांचा पुतळा? आधी विमानाचा हिशेब दाखवा

ऐरोलीकर:
ठाण्याच्या एका गटावर काल कुणीतरी टाकलं: "राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, शिवकर बापूजी तळपद्यांनी चौपाटीवर विमान १५०० फूट उंच नेलं. नवी मुंबई विमानतळाबाहेर त्यांचा पुतळा झालाच पाहिजे." खाली बदामांचा पाऊस.

पुतळ्याला माझी ना नाही. पण पंख केवढे, वजन किती, जोर कशाचा, यातला एक तरी आकडा दाखवा. पाऱ्यावर चालायचं म्हणे! ज्या संस्कृत ग्रंथाचा दाखला देतात, तो बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तपासला. निष्कर्ष काय, तर मजकूर १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत.

आता जर्मन ग्लायडरवाला लिलिएंथाल बघा. पंखांना किती उचल मिळते याचे तक्ते त्याने १८८९ मध्ये छापले, १८९१ पासून टेकड्यांवरून स्वतः उडाला, १८९६ मध्ये कोसळून गेला. राईटांनी तेच तक्ते वापरले. १९०१ चा त्यांचा ग्लायडर हिशेबापेक्षा फार कमी उचलला गेला, म्हणून लाकडी पेटीत पंखा लावून वाऱ्याचा बोगदा केला. तेव्हा कळलं की तक्ते बरेचसे बरोबर होते, हवेच्या दाबाचा जुना गुणांक चुकला होता. सगळे ०.००५ धरत होते, खरा निघाला ०.००३३ च्या आसपास. तळपद्यांकडून असं कुणाला काय घेता आलं?

कोपरीकाका:
आलं गोऱ्यांचं कौतुक. राईट १९०३ ला उडाले, युरोपने मानलं १९०८ ला. मधली पाच वर्षं तेही थापाडेच की! माझे पणजोबा गिरगावात राहायचे. चौपाटीवर गर्दी लोटली होती हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुमच्या बोगद्यापेक्षा माझा पणजोबांवर विश्वास आहे.

ऐरोलीकर:
काका, १९०८ ला विल्बरने फ्रान्समध्ये सगळ्यांसमोर उडवून दाखवलं, म्हणून मानलं. आणि १७ डिसेंबर १९०३ चा फोटो आहे, पाच साक्षीदार आहेत, चौथ्या उड्डाणाची ५९ सेकंद आणि ८५२ फूट अशी नोंद आहे. पणजोबांच्या गोष्टीत दर पिढीला विमान शंभर फूट वर जातं.

कोपरीकाका:
पणजोबांवर जाऊ नकोस. सांगून ठेवतो.

घोडबंदरग्रस्त:
पुतळा कुणाचाही बसवा, तिथे पोचायचं कसं ते आधी सांगा. कासारवडवलीहून मेव्हण्याला सोडायला निघालो, गाडी मानपाड्याला अडकली ती अडकलीच. तो तिकडे विमानात बसला असता तर मला लिलिएंथाल आठवलाही नसता.

वाशीकर:
घोडबंदरवरून गाडी काढलीतच कशाला? ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरुळ, तिथून उरण लोकल.

घोडबंदरग्रस्त:
दोन बॅगा, सासूबाई आणि लोणच्याची बरणी घेऊन? तुम्ही करून दाखवा, मी फोटो काढतो. पाच साक्षीदारही आणतो.

वाशीकर:
मग मुलुंड-ऐरोली पूल घ्या.

घोडबंदरग्रस्त:
पुलापर्यंत पोचलो तर घेईन ना! कापूरबावडी ओलांडणं हेच आमचं उड्डाण.

ऐरोलीकर:
धागा विमानविद्येचा आहे हो.

उलवेकर:
विमानविद्या राहू द्या. त्या धावपट्टीसाठी दहा गावं उठली, त्यात माझ्या मामाचं घर गेलं. २०२१ च्या जूनमध्ये विमानतळाला आमच्या प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून सिडको भवनावर गेलो तेव्हा हे पुतळेवाले कुठे होते? जागा आमची आणि पुतळा चौपाटीचा?

सीवूड्सची बाई:
शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून बोलते. दोघंही इंग्रज संशोधक जॉर्ज केलीला विसरलात. पक्ष्यासारखे पंख फडफडवायचा नाद त्याने सोडला. उचल स्थिर पंखाने द्यायची, पुढे ढकलायचं काम वेगळ्या यंत्राने करायचं, हे त्याने १७९९ मध्येच चांदीच्या चकतीवर कोरून ठेवलं, शेपटीसकट. मुलांकडून पुठ्ठ्याचा ग्लायडर करून घेते. नाकाला चिकणमाती लावली नाही की तो मान वर करतो आणि धप्पकन पडतो. प्रदर्शनात मात्र बक्षीस कुणाला? बाबांनी विकत आणलेल्या रिमोटच्या विमानाला! परीक्षकांनी आमच्या ग्लायडरला हात लावून बघितला नाही.

कोपरीकाका:
बाईंचं ऐकतो, त्या निदान पणजोबा काढत नाहीत. बरं, १५०० फूट सोडले. पाराही सोडला, घ्या. पण त्या काळात या मुंबईत बसून एका मराठी माणसाने विमानाचा ध्यास घेतला, हे तरी खोटं नाही ना? मग खाली लिहा, "उडालं की नाही माहीत नाही, पण झटला". तुमचा लिलिएंथालही पडूनच मेला, तरी बर्लिनच्या टेगेल विमानतळाला त्याचंच नाव दिलं होतं.

ऐरोलीकर:
असा पुतळा चालेल. पाटीचा मजकूर मी लिहीन, विशेषणं तुम्ही टाकाल.

उलवेकर:
थांबा, थांबा. विमानतळाला नाव? काका, तो विषय इकडे पुन्हा काढायचा नाही.