अमेरिकेतला टीव्ही कोल्हापुरात चालेल का? आणि तिकडं टीव्ही बघायला महिन्याला खरंच किती पडतात?

मंगळवारपेठी
मंडळी एक सल्ला पाहिजे. आमचे दाजी न्यू जर्सीला असतात, आता कायमचे परत यायलेत. तिकडं घेतलेला ६५ इंची टीव्ही बरोबर आणायचा म्हणतात, असला पॅनेल इथं लई महाग पडंल म्हणे. आमच्या आबांचं तिसरंच, टीव्ही आला की तिकडची चॅनेल पण आपोआप लागणार असं त्यांनी गल्लीत सांगून पण टाकलंय.
दुसरं म्हणजे डीटीएचचं रिचार्ज संपलं की घरात ठरलेला वाद, "तिकडं बरं असतंय, एकदा पैसे भरले की सगळं दिसतंय". मला पटत नाही पण उत्तर पण देता येत नाही. इथले बरेचजण बाहेर आहात तर तुमच्याकडं काय भाव चाललाय, आणि मेन म्हणजे त्यात फुटबॉल दिसतं का ते सांगा. वर्ल्ड कप आला की आमच्याकडं ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तेवढा महिनाभर टीव्ही बंद पडून चालत नाही.

सोल्डरकाका
माझं लक्ष्मीपुरीत रिपेअरिंगचं दुकान, त्यामुळं टीव्हीबद्दल मी सांगतो, बाकीचं बाहेरचे सांगतील.
पहिलं काम, दाजींना टीव्हीच्या पाठीमागचं स्टिकर वाचायला सांगा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलं असंल तर वीज सोसंल. नुसतं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ असंल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, तो चोवीस तास घूं करत बसतो आणि लाईट कमीजास्त झाली की पहिला पॉवर सप्लाय उडतो.
दुसरं, आतला ट्यूनर, म्हणजे अँटेनाचं चॅनेल पकडणारा भाग, इथं शून्य कामाचा. अमेरिकेत हवेतनं येणारं डिजिटल एटीएससी पद्धतीचं, युरोपात डीव्हीबी, जपान-ब्राझीलकडं आयएसडीबी, चीनचं अजून वेगळं. आपल्या दूरदर्शनचं डिजिटल डीव्हीबी-टी२, ते पण मोजक्याच शहरात. पण ह्यानं काय बिघडत नाही कारण इथं सगळे एचडीएमआयनं सेटटॉप बॉक्सच लावतात.
खरी मेख तिसरी, आणि ही दुकानदार सांगत नाहीत. आपले बॉक्स ५० हर्ट्झनं चित्र देतात, आणि अमेरिकेत विकायला काढलेली बरीच मॉडेल एचडीएमआयवर फक्त ६० घेतात. मग पडदा काळा आणि सिग्नल सपोर्ट करत नाही असा मेसेज, गिऱ्हाईक म्हणतंय बॉक्स खराब. स्टिक लावून ६० वर नेटवरचं बघता येतं, पण ५० चं चित्र ओढूनताणून ६० वर बसवलं की बॉल बाउंड्रीकडं जाताना ठेचकाळत जातो. ज्याला डोळा हाय त्याला ते दिसतंच.
हे ५०-६० चं भांडण जुनं हाय. ज्या देशात विजेची जी फ्रिक्वेन्सी त्यावरच टीव्ही बेतला गेला, तिकडं ५२५ रेषा आणि सेकंदाला ३० च्या आसपास चित्रं, आपल्याकडं पाल नावाची पद्धत, ६२५ रेषा आणि २५ चित्रं. १९८२ ला आपल्याकडं रंगीत आलं ते पालच. मजा म्हणजे पालमध्ये पण पोटभेद. नव्वदच्या आसपास एकानं इंग्लंडहून टीव्ही आणलेला, चित्र एकदम झकास आणि आवाज नाही, नुसती खरखर. त्यांचा आवाज चित्रापासनं ६ मेगाहर्ट्झवर, आपला साडेपाचवर. आतला इवलासा फिल्टर बदलला, बोलायला लागला. गिऱ्हाईकाला वाटलं आम्ही जादू केली, आम्ही पण तसंच वाटू दिलं.

लेस्टरकर
काका एक नंबर 😄
इंग्लंडचं सांगतो. इथं पहिला दणका म्हणजे टीव्ही लायसन्स, एप्रिल २०२५ ला ते वर्षाला १७४.५० पौंड झालं. ते बीबीसीसाठी, पण बीबीसी बघत नाही म्हणून सुटका नाही, कुठलंही चॅनेल लाईव्ह बघितलं की लागतंय, मोबाईलवर बघा नाहीतर लॅपटॉपवर. विनालायसन्स सापडला तर कोर्ट आणि १००० पौंडांपर्यंत दंड. त्याच्या बदल्यात छपरावरच्या साध्या अँटेनानं फ्रीव्ह्यू म्हणजे फुकटची चॅनेल दिसतात, २००२ पासून आहे, महिन्याला काय नाही.
आता फुटबॉल. वर्ल्ड कप इथं फुकट, कारण सरकारनं यादीच केलीय की हे कार्यक्रम सगळ्यांना फुकट दिसायलाच पाहिजेत, त्यामुळं तो बीबीसी आणि आयटीव्हीवर. पण प्रीमियर लीग? हे आबांना नक्की सांग. शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस इंग्लंडमध्ये लाईव्ह दाखवायलाच बंदी! खालच्या डिव्हिजनच्या मैदानावरचं पब्लिक घरी बसू नये म्हणून साठच्या दशकापासनंचा नियम आहे. २०२५-२६ च्या सीझनला ३८० पैकी स्काय ह्या पैसे भरायच्या चॅनेलकडं किमान २१५ आणि तसल्याच टीएनटीकडं ५२, बाकीच्या मॅचेस इथं टीव्हीवर लाईव्ह नाहीतच, आणि एवढ्यासाठी दोन-दोन सबस्क्रिप्शन. त्याच तीनच्या मॅचेस तुम्ही मंगळवार पेठेत संध्याकाळी साडेसात-साडेआठला जेवता जेवता बघता आणि मी स्टेडियमपासून तासाभराच्या अंतरावर बसून स्कोअर रिफ्रेश करतोय. माझा धाकटा भाऊ गोल झाला की मुद्दाम फोन करतो, राग येतो राव.
क्रिकेटचं तर अजून वाईट. २००५ ची ॲशेस चॅनेल फोरवर फुकट होती, त्यानंतर सगळं स्कायकडं गेलं. २०१९ ला लॉर्ड्सवर वर्ल्ड कप फायनल होती तेव्हा तेवढ्या एका दिवसापुरतं चॅनेल फोरला दिलं.

पाटाकडीलचा_फॅन
तीनच्या मॅचवर बंदी हे लय भारी हाय, आपल्याकडं शाहू स्टेडियमवर पीटीएम-दिलबहार ह्या आपल्या तालमींची फुटबॉल मॅच असताना सगळ्या कोल्हापूरचं केबल बंद करा 😂

शिरोली_ते_स्टुटगार्ट
जर्मनी: घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नाहीतर नसो. २०१३ पासून घरावरच लावलाय. मी आलो तेव्हा खोलीत एक खाट आणि एक किटली होती, तरी पत्र आलं. माझ्याकडं टीव्ही नाही म्हणून कळवायला निघालो तर बरोबरचा जर्मन म्हणाला वेळ घालवू नकोस, भर.
त्यात एआरडी, झेडडीएफ वगैरे सार्वजनिक चॅनेल येतात आणि जाहिराती खरंच कमी, ते मान्य करायला पाहिजे. जर्मनीच्या मॅचेस, वर्ल्ड कपच्या सेमी, फायनल फुकट दाखवायचा कायदा आहे. बुंडेसलीगा, म्हणजे इथली फुटबॉल लीग, मात्र स्काय आणि डॅझ्न अशी वाटून टाकलीय, दोन्हीकडं पैसे.
अजून एक गंमत, जून २०२४ पर्यंत इथं घरमालक केबलचे पैसे भाड्याच्या खर्चातच घालायचे, तुम्ही बघा न बघा. कायदा बदलला आणि ते थांबलं.

केबलवाला_उचगाव
सगळे बाहेरचं सांगायलेत, आता आपलं पण ऐका कारण शिव्या शेवटी मलाच बसतात.
१ फेब्रुवारी २०१९ पासनं ट्रायचा, म्हणजे केबल-फोनवर नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम आला. आधी आम्ही एकच आकडा सांगायचो आणि दोनशे-तीनशे चॅनेल सोडायचो. नियम असा झाला की आधी १०० चॅनेलचं जोडणी शुल्क १३० अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाचं चॅनेल ज्याला पाहिजे त्यानं ज्याच्या त्याच्या दरानं घ्यायचं. पुढं त्याच १३० मध्ये २०० चॅनेल झाली, आणि २०२४ ला त्या शुल्कावरची मर्यादाच काढली, आता ज्याचा त्याचा दर. कागदावर लई चांगलं. त्या फेब्रुवारीत मी घरोघर फॉर्म घेऊन फिरलो. एका मावशीनं सांगितलं मला तीनच चॅनेल पाहिजेत, दोन मालिकेची, एक कीर्तनाचं, बाकी ९७ काढ आणि पैसे कमी कर. मावशी ते कमी होत नाहीत हो, ते शुल्क तेवढंच, तुम्ही तीन बघा नाहीतर शंभर. त्या मला अजून चोर म्हणतात.
आणि चॅनेलवाले हुशार, सुट्टं घेतलं तर महाग आणि गठ्ठ्यात घेतलं तर स्वस्त, म्हणून शेवटी सगळे गठ्ठाच घेतात, नको असलेली चॅनेल त्यात येतातच. पण तरी सांगतो, लेस्टरवाल्या दादाच्या नुसत्या लायसन्सचे रुपये करून बघा, आपला पॅक वर स्पोर्टसकट वर्षाचा किती होतोय ते बघा, आणि मग मला चोर म्हणा.

जर्सीचे_दाजी
पाव्हणं, माझ्या टीव्हीची पंचायत इथं मांडलीय हे ताईनं लिंक पाठवल्यावर कळलं 🙏
आबांना सांगा एकदा पैसे भरले की सगळं दिसतं असं इथं अजिबात नाही. आमचं केबल होतं तेव्हा बिल जाहिरातीत एक आणि हातात एक यायचं. वर बॉक्सचं भाडं वेगळं, लोकल चॅनेलची फी वेगळी, रीजनल स्पोर्ट्सची फी वेगळी, मी बेसबॉल आयुष्यात बघितला नाही तरी. कंटाळून नेटवरच्या टीव्हीवर लोक गेले तर ते पण वाढतच चाललंय, यूट्यूब टीव्ही २०१७ ला ३५ डॉलरला निघाला, जानेवारी २०२५ ला ८२.९९. त्यात क्रिकेट नाही, त्याला विलो वेगळं घ्यायचं.
चांगली गोष्ट एकच, जी इथल्या कितीतरी लोकांना पण माहीत नसते. साधा अँटेना खिडकीत लावला की एनबीसी, सीबीएस, एबीसी, फॉक्स, पीबीएस फुकट आणि एचडीत. मी शेवटची काही वर्षं तेच केलं. वर्ल्ड कपच्या फॉक्सवरच्या मॅचेस तशाच बघितल्या.
स्टिकर वाचलं. १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, बाकी काही नाही.

सोल्डरकाका
मग तिकडंच विका दाजी. शिवाय ऑगस्ट २०१३ पासनं फ्लॅट टीव्ही फुकट सामानाच्या सवलतीत बसत नाही, ड्युटी पडते. कायमचं घर हलवताना काय लागू होतं ते कस्टमला विचारा, पण वर वॉरंटी इथं नाही आणि त्या मॉडेलचा पॅनेल फुटला तर मी पण हात वर करणार. साउंडबार असंल आणि त्यावर १००-२४० असंल तर तो खुशाल आणा.

मंगळवारपेठी
टीव्ही कॅन्सल, दाजी वाईट वाटून घेऊ नका. आबांना तीनच्या मॅचची बंदी वाचून दाखवली, ते म्हणाले इंग्रज आपल्यावर राज्य करून गेले आणि स्वतःची मॅच बघता येईना व्हय. आता त्यांचा नवीन प्रश्न, डीडी फ्री डिश घेतली तर महिन्याचं रिचार्जच नको ना? भारताच्या मॅचेस त्यावर दिसतात असं त्यांना तालमीत कुणीतरी सांगितलंय.

केबलवाला_उचगाव
पोटावर पाय नको आबा 😅 पण खरं ते सांगतो. महिन्याला काय नाही, डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च. २००७ च्या कायद्यानं भारताच्या मोठ्या मॅचेसचा सिग्नल दूरदर्शनला द्यावाच लागतो, आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तो फक्त दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवर, खाजगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणून माझ्याकडं डीडी स्पोर्ट्स लावलं तर मॅचच्या टायमाला दुसराच कार्यक्रम लागतो आणि परत शिव्या मलाच. प्रीमियर लीग आणि तुमच्या घरातल्या आईंच्या ठरलेल्या सगळ्या मालिका त्यावर मिळणार नाहीत, ते आधी आईंना विचारा आणि मग बॉक्स आणा.

सोल्डरकाका
आणायचीच असंल तर आधी गच्चीवर जाऊन बघा. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे कोल्हापुरातनं आग्नेयेला तोंड करून डिश लावावी लागती. त्या बाजूला शेजाऱ्याची टाकी किंवा नारळ आडवा आला तर काय उपयोग नाही. आणि जुलैत आपल्याकडं पाऊस लागला की कुठलीही छोटी डिश मध्येमध्ये जाणारच, त्या फ्रिक्वेन्सीला पावसाचे थेंब खातात, तेवढ्यासाठी मला रात्री फोन करायचा नाही.