पोर्तुगीजांच्या आधी कल्याण-ठाण्यात ख्रिस्ती लोक होते का?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण महिनाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतो. मी जन्माने कल्याणचा, दुर्गाडीच्या पायथ्याशी वाढलेला. ऑफिसमधल्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं म्हणून कोट्टायमजवळ गेलो होतो, सिरियन ख्रिश्चन लग्न पहिल्यांदाच बघत होतो. नवऱ्याने नवरीच्या गळ्यात मिन्नू बांधलं, म्हणजे आपल्या मंगळसूत्रासारखंच, सोन्याचं इवलंसं पान, त्यावर सोन्याच्याच ठिपक्यांचा क्रूस, आणि ते ओवायचे सात धागे लग्नाच्या साडीतूनच काढलेले. मधेमधे फादर मल्याळम सोडून वेगळंच काहीतरी म्हणत होते, मित्र म्हणाला ही सुरियानी, येशू जी अरामी बोलायचा तिचीच एक बोली. दुसऱ्या दिवशी त्याच्या काकांनी वलियपळ्ळी नावाचं जुनं चर्च दाखवलं, तिथे दगडी क्रूस आहे आणि त्याच्याभोवती कमानीसारखी कोरलेली अक्षरं. मला वाटलं जुनी मल्याळम असेल, तर म्हणाले नाही रे, ही पहलवी, इराणची. आणि मी कल्याणचा आहे कळल्यावर एकदम म्हणाले, अरे दीड हजार वर्षांपूर्वी तुमच्याकडे पण आमचा बिशप होता!

आपण शाळेत शिकलो 1498, वास्को द गामा, मग पोर्तुगीज आणि मग ख्रिस्ती धर्म. त्याच्या हजार वर्षं आधी कल्याणला बिशप? कोणाला काही माहीत असेल तर प्लीज सांगा.

जुनी_बखर:

काकांनी हवेत नाही सांगितलं, त्याला आधार आहे. कोस्मास इंडिकोप्लुस्टीस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी होता, नंतर तो साधू झाला. त्याने साधारण 550 च्या सुमारास लिहिलंय की मिरी जिथे पिकते त्या 'माले' (म्हणजे मलबार) भागात ख्रिस्ती आहेत, सिंहलद्वीपात इराणी ख्रिस्त्यांचं चर्च आहे, आणि 'कल्लियाना' नावाच्या बंदरात बिशपसुद्धा आहे ज्याची नेमणूक इराणातून होते. इराणातून, हे नीट वाच. रोमहून नाही.

आणि कल्याण तेव्हा साधं गाव नव्हतंच. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याणचे व्यापारी सारखे भेटतात. ज्या गलबतांतून घोडे, खजूर, मोती यायचे त्यातूनच धर्मही आला, तलवार नाही की सत्ता नाही, व्यापाऱ्यांच्या वस्तीसोबत त्यांचा पुजारी आला एवढंच.

मिरीवेल:

थोडं थांबा, 'कल्लियाना' म्हणजे आपलं कल्याणच असं सगळे अभ्यासक मानत नाहीत. काही जण उडुपीजवळचं कल्याणपूर म्हणतात, काही जण कोल्लम. नाव सारखं आहे म्हणून लगेच आपल्या गावाला बिशप देऊन टाकू नका.

जुनी_बखर:

मिरीवेल, मुद्दा रास्त आहे. पण कोस्मास बंदरांची नावं ज्या क्रमाने देतो तो बघा, सिंधू, मग गुजरातकडचं ओर्रोथा, मग कल्लियाना, मग सिबोर (हे बरेच जण चौल मानतात), आणि त्यानंतर माले. म्हणजे तो उत्तरेकडून दक्षिणेला किनारा उतरत येतोय. गुजरात आणि मलबारच्या मधे कोल्लम कसं बसवणार? कल्याणपूरचंही तेच, ते चौलच्या कितीतरी खाली आहे. माझं मत कल्याणच. शिवाय गोव्यात आगशीजवळ जुवारीच्या काठी पहलवी अक्षरांचा असाच क्रूस सापडलाय, म्हणजे हे लोक केरळच्या वर येतच नव्हते असं म्हणता येत नाही.

अक्षरवेडी:

मला दुसरी गोष्ट सांगायचीय. या इराणी चर्चच्या लोकांना पुस्तकांत सर्रास 'नेस्टोरियन' म्हणतात पण त्यांना स्वतःला ते नाव कधीच आवडलेलं नाही. नेस्टोरियस हा कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू, 431 च्या इफिससच्या परिषदेत त्याला ख्रिस्ताबद्दलच्या मतांवरून पाखंडी ठरवलं. आणि इराणी साम्राज्यातल्या चर्चने तर त्याच्या आधीच, 410 मध्ये, सेल्युशिया-टेसिफोनला (आजच्या बगदादच्या थोडं खाली) आपली सभा भरवून स्वतःची घडी बसवली होती. कारण सरळ होतं, रोम आणि इराण एकमेकांचे शत्रू, आपण रोमच्या बादशहाच्या धर्माचे म्हणजे हेर असा संशय यायचा, लोक मारले जायचे, म्हणून आपलं चर्च आपल्याकडे ठेवणं भाग होतं. त्यांचं खरं नाव 'पूर्वेचं चर्च'. 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि या चर्चचे प्रमुख मार दिन्खा यांनी एकत्र जाहीरनाम्यावर सही केली की ख्रिस्ताबद्दलची आपली श्रद्धा एकच आहे. साडेपंधराशे वर्षं लागली.

आणि हे चर्च कुठवर गेलं होतं माहितीये? चीनच्या शीआनमध्ये 781 सालचा उभा शिलालेख आहे, त्यात लिहिलंय की 635 मध्ये आलोपेन नावाचा धर्मगुरू तिथे पोचला आणि तांग सम्राटाने त्याचं स्वागत केलं. मजकूर चिनी, पण कडेला आणि खाली सुरियानीत धर्मगुरूंची नावं कोरलीयेत. त्याचा फोटो मोठा करून बघितला तेव्हा सुरियानी लिपीच्या ओळी चिनी अक्षरांच्या शेजारी उभ्याच्या उभ्या उतरताना दिसल्या आणि मला खरंच भरून आलं. आपण चर्च म्हटलं की गोरा पाद्री डोळ्यासमोर आणतो, आणि इथे इराणी लोक उंटांच्या तांड्याबरोबर चीनला जाऊन चिनी शब्दांत देव समजावून सांगतायत, युरोपातला बराचसा भाग ख्रिस्ती व्हायच्या आधी.

मासुंदा:

खाडीकाठ, कल्याणबद्दल एकच ओळ मिळते पण ठाण्याबद्दल चांगली भरघोस हकीकत आहे, ती सांगतो. 1321 साल. चार फ्रान्सिस्कन (रोमच्या चर्चमधला साधूंचा एक संघ) साधू चीनला निघाले होते, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस, ते किनाऱ्यावर ठाण्यात उतरले. त्यांच्याबरोबर जॉर्डनस नावाचा डॉमिनिकन या दुसऱ्या संघाचा फ्रेंच साधू पण होता, तो पुढे सोपाऱ्याकडे गेला. हे चौघं ठाण्यात उतरले कोणाकडे? एका 'नेस्टोरियन' कुटुंबाकडे! म्हणजे ठाण्यात तेव्हा पूर्वेच्या चर्चचे लोक घरदार करून राहत होते, आणि तेही पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी.

पुढे झालं असं की त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला, बायको काझीकडे तक्रार घेऊन गेली आणि म्हणाली साधूंनी बघितलंय, त्यांना विचारा. साक्षीला बोलावलं आणि तिथे विषय धर्मावर गेला, वाद वाढला, आणि चौघांनाही मारलं. घरातल्या भांडणाची साक्ष, त्यातून हे. जॉर्डनसने परत येऊन त्यांची प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. दोनचार वर्षांत ओडोरिक नावाचा दुसरा साधू आला, त्याने ती हाडं उकरून काढली आणि जहाजाने चीनच्या झैतूनला, म्हणजे आजच्या छ्वानचौला, तिथल्या मठात नेऊन ठेवली. जिवंतपणी निघाले होते चीनला, पोचली हाडं.

जॉर्डनसला पोपने 1329 मध्ये कोल्लमचा बिशप केलं. त्याने भारताचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात फणस आहे, पारशांची प्रेतं उघड्यावर ठेवायची पद्धत आहे, आणि आंबा तर नावानिशी आहे, लिहिलंय 'अनिबा' पण वाचायचं 'अंबा'. रोमन लिपीत हाताने लिहिताना m चा ni झाला असणार. माणसाने ठाण्या-सोपाऱ्याकडे आंबा खाल्ला असेल आणि विचारलं असेल याला काय म्हणतात, एवढंच माझ्या मनात येतं.

वसईची_पोर:

मासुंदा, हे मला माहीत नव्हतं, थँक्यू. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, घरी कादोडी बोलतो. शाळेत एका बाईंनी मला वर्गात उभं करून विचारलं होतं तुम्ही इंग्रजांच्या वेळी बाटलात ना, मला उत्तर देता आलं नव्हतं, सातवीत होते. आमचे पूर्वज पोर्तुगीज काळातच ख्रिस्ती झाले हे खरंच आहे, वसई 1534 ला त्यांच्याकडे गेली. पण बाहेरून आलेलं ते बाहेरचंच राहिलं असं नाही ना. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानला गेला, आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला पंचवीस जणांबरोबर त्याला क्रूसावर मारलं. 1862 ला संत घोषित झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. गासच्या चर्चला त्याचंच नाव आहे.

खाडीकाठ:

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा प्रश्न, केरळात हे लोक टिकले आणि आपल्याकडे नाहीसे झाले, असं का?

जुनी_बखर:

मला वाटतं जमीन आणि राजाचा शब्द. कोल्लमच्या तरिसापळ्ळी चर्चला 849 मध्ये तिथल्या वेणाडच्या राजाने ताम्रपट दिले, त्यात जमीन आहे, राबणारी माणसं आहेत, आणि बाजारातली वजनंमापं सांभाळायचा हक्कसुद्धा आहे. साक्षीदारांच्या सह्या अरबीत, पहलवीत आणि हिब्रू अक्षरांत! ज्याच्या हातात तराजू तो गावाचाच होऊन जातो. कोकणात तसं काही मिळालेलं दिसत नाही, मुख्यतः व्यापाऱ्यांची वस्ती होती, व्यापार हलला की माणसं हलली नाहीतर आसपासच्यांत मिसळली. केरळातल्यांना तर पुढे आपल्याच धर्माच्या लोकांशी झगडावं लागलं, 1599 ला पोर्तुगीजांनी उदयंपेरूरला चर्चची सभा भरवली आणि त्यानंतर केरळच्या ख्रिस्त्यांची सुरियानी पुस्तकं जाळली, आणि 1653 ला मट्टांचेरीला हजारोंनी क्रूसाला दोर बांधून, दोर हातात धरून शपथ घेतली की जेझुइटांचं, म्हणजे पोर्तुगीजांबरोबर आलेल्या पाद्र्यांच्या संघाचं, ऐकणार नाही.

ते ताम्रपट आजही आहेत, काही तिरुवल्लाला आणि काही कोट्टायमलाच देवलोकमच्या चर्चच्या मुख्यालयात. काकांना सांग, पुढच्या खेपेला दाखवता येतात का विचारून ठेवा म्हणून.