२६ व्या वाढदिवसाआधी करायची कामं

अनेकजण विचारतात की अमेरिकेत मुलीचं लग्न झालं तर ती आईवडिलांच्या आरोग्य विम्याच्या प्लॅनमधून बाहेर जाते का. नाही जात. लग्न, नोकरी, वेगळं घर, टॅक्समध्ये डिपेंडंट (आईवडिलांवर अवलंबून) नसणं, यातल्या कशानेही वयाच्या २६ पर्यंत त्या प्लॅनमध्ये राहण्याचा हक्क जात नाही. जावई आणि नातवंडांना मात्र तो प्लॅन लागू करणं बंधनकारक नाही.

खरी गफलत होते ती कव्हर संपण्याच्या तारखेची. आईवडिलांचा प्लॅन मार्केटप्लेसचा (सरकारने चालवलेल्या विमा बाजारातला) असेल तर २६ पूर्ण होतात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत कव्हर राहतं. त्यांच्या नोकरीतला असेल तर बहुधा वाढदिवसाच्या महिन्याअखेर, काही ठिकाणी थेट वाढदिवसालाच संपतं. त्यांच्या कंपनीच्या एचआरकडून ही तारीख ईमेलवर लेखी घ्याच.

मार्केटप्लेसमधून नवा प्लॅन घ्यायला कव्हर संपण्याआधीचे ६० आणि नंतरचे ६० दिवस मिळतात. आधीच निवडला तर सहसा खंड पडत नाही. नंतर निवडला तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होतो, आणि मधल्या दिवसांत हॉस्पिटलचं बिल आलं तर ते खिशातूनच. मुलीच्या स्वतःच्या कंपनीत घ्यायचा असेल तर मुदत अनेकदा ३० दिवसांचीच असते, तिथेच लोक चुकतात.

कोब्रा, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीतलाच प्लॅन स्वतःच्या खर्चाने पुढे चालू ठेवणं, ३६ महिन्यांपर्यंत मिळतो, पण पूर्ण प्रीमियम अधिक २ टक्के भरावे लागतात. उपचार अर्धवट असतील तरच तो घ्यावा असं माझं मत.