निंदणीचा रोज बाईला वेगळा, गड्याला वेगळा: कायदा शिवारात पोचतो का?

बोरीकाठ (पारोळा)
आमच्याकडे निंदणीला बाईचा रोज गड्यापेक्षा शंभर-दीडशेने कमी. यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. समान वेतनाचा कायदा १९७६चा. त्याच्या जागी आता वेतन संहिता आली, ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. दोन्हींचं सांगणं एकच: काम सारखं किंवा त्याच धाटणीचं असेल तर मजुरीही सारखी. शिवाय बरोबरी करायची म्हणून कुणाची मजुरी खाली आणायची नाही.

माझं म्हणणं असं, की मस्टर (हजेरीपट) असतं तिथेच सरकारचं धोरण चालतं. रोजगार हमीच्या कामावर बाई आणि गडी एकाच दराने, कारण तिथे खोदलेली माती मोजतात. महाराष्ट्राने हे १९७७च्या कायद्यापासून चालवलंय. मग खासगी शेतातच का अडतं?

केळीवाला (यावल)
भाऊ, बांधावर येऊन बघा एकदा. गडी सकाळी सातला हजर. बायांची अ‍ॅपे रिक्षा साडेदहाला येते आणि पाचच्या आत निघायची घाई. केळीचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून गाडीपर्यंत आणायचा, ते कोण करतं? केळीची पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापायला बाया, घड वाहायला गडी. काम वेगळं म्हणून रोज वेगळा. आणि लाडकी बहीणचे पंधराशे सुरू झाल्यापासून मजुरांची मारामार आहे. भाव तर आता त्याच ठरवतात!

शिरपूरनी सून
दादा, विषय निंदणीचा चाललाय, तुम्ही घड कुठे मधे आणला? बरं, फवारणीचं बोलू. पंप पाठीवर घेतो त्याला गड्याचा रोज. विहिरीवरून हंडे आणून तो पंप दिवसभर भरते तिला बाईचा. हंडा काय रिकामा असतो? आम्हनी सासू म्हनस, "बाईना घाम काय पानी से का?"

साडेदहाला का येते तेही ऐका. पहाटे भाकरी, पाणी, पोरांची शाळा, गोठा. तुमच्या गड्याचा डबाही तिनेच भरलेला असतो. तास कमी म्हणता ना, मग तासावर हिशेब द्या. कापूस वेचणीला किलोवर पैसे देता, तिथे बाई मागे पडलेली दाखवा मला.

डाळमिल (जळगाव)
शेतीचं चालू द्या, आमचंही ऐका. २०१७मध्ये बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ केली. पन्नास कामगार झाले की पाळणाघर. रात्रपाळीला बाया ठेवायच्या तर त्यांची संमती घ्या, ने-आण करा, सुरक्षा बघा. घोषणा सरकारची, खर्च मालकाच्या माथी. परिणाम काय? नवं लग्न झालेल्या पोरीला कामावर घ्यायला मालक कचरतात. मी उघड बोलतोय, बाकीचे मनात ठेवतात एवढंच.

हिशेबनीस (भुसावळ)
शेठ, अर्धंच सांगितलंत. ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल आणि पगार २१,०००पर्यंत असेल तर त्या रजेचे पैसे विमा महामंडळ देतं, तुम्ही नाही. तुमचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के, तो पुरुष कामगारासाठीही भरावाच लागतो. मग बाई महाग कशी पडली? खरी गोम अशी, की दहा माणसं झाली की हे कायदे लागतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी रजिस्टर नवावर थांबतं.

पगार २१,०००च्या वर गेला की मात्र सगळा भार मालकावर, हे तुमचं खरं आहे. तिथे सरकारने हात लावायला हवा. पण "परवडत नाही" हे समान वेतन टाळायचं कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या खटल्यात म्हटलंय. तिथे स्त्री लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता.

भरतीवाला (साक्री)
समानता म्हणता तर सरकारी नोकरीत बायकांना ३० टक्के कशाला? मैदान एकच ठेवा.

शिरपूरनी सून
ठेवू की. आधी घरी चूल एकच ठेवा, तिच्यापुढे आलटून पालटून बसू.

सातपुडा (तळोदा)
तुमच्याकडे बाईचा रोज कमी, आमच्याकडे तिचा रोजच नसतो. गुजरातेत ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब नवऱ्याच्या नावावर. ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, आणि मुकादमाच्या वहीत ती कुठेच नाही. समान वेतन कुणाला द्यायचं, सांगा. त्यापेक्षा नंदुरबारची मिरची वाळवायची पथारी बरी. ठसका लागतो, हात जळतात, पण देठ खुडल्याचे पैसे वजनावर आणि तिच्याच हातात.

बोरीकाठ (पारोळा)
हेच तर म्हणतोय. माती मोजली, कापूस तोलला, मिरची तोलली, की बाई-गड्याचा भेद आपोआप जातो. दिवसावर आलं की परत "बाईचा रोज". आणि वहीत नावच नसेल तर आधी नाव लावून घ्यायचं भांडण, मग दराचं. केळीवाले दादा, निंदणी एकरावर उक्ती द्या ना. कोण कधी आलं आणि कधी गेलं, याचं तुम्हाला काय?

केळीवाला (यावल)
उक्तं दिलं की हात पळतो आणि तण मुळासकट राहतं, हा अनुभव आहे. तरी पोळ्यानंतर दोन एकर देऊन बघतो. तण राहिलं तर पैसे कापणार, आधीच सांगतो.

शिरपूरनी सून
कापा. गड्यांच्या टोळीने ठेवलं तर त्यांचेही तेवढेच कापा.