टेकाड, पांढर की थडगं? जुन्या दफनांच्या उंचवट्याला काय म्हणाल?

गंगापूर रोड, नाशिक (मूळ प्रश्न)
मंडळी, एका लेखाच्या भाषांतरात अडकलोय. इंग्लंडच्या शेतशिवारात गोल, बुटके उंचवटे दिसतात. त्यातले प्रागैतिहासिक दफनाचे कोणते आणि साधे मातीचे ढीग कोणते, हे कसं ओळखावं, असा विषय. तिकडे त्यांना ‘बॅरो’ म्हणतात. घरातल्या कोशात बॅरो म्हणजे ढकलगाडी! पहिल्याच ओळीत चार हजार वर्षांपूर्वीचा माणूस ढकलगाडीत पुरला जायची वेळ आली.
आधी ‘थडगं’ लिहिलं. आईनं वाचून विचारलं, “कुठल्या दर्ग्याजवळचं रे?” मग ‘समाधी’ केलं, तर म्हणते, “कुठल्या महाराजांची?” ‘दफनटेकडी’ म्हणावं, तर टेकडी म्हटल्यावर आम्हा नाशिककरांच्या डोळ्यापुढे पांडवलेण्याचा डोंगर येतो. यातली काही तर नांगरून नांगरून गुडघाभर उरलीत. आपल्याकडे गावात काही शब्द आहे का?

निफाड
भाऊ, टेकाड म्हणा. टेकडीला चढण लागते, टेकाडावर बैल सरळ जातो. पण शेतातल्या प्रत्येक टेकाडाखाली मढं शोधू नका. आमच्या शिवारात वेचलेल्या दगडांचे ढीग आहेत, मोडलेल्या वीटभट्टीचा लाल ढिगारा आहे, वारुळं आहेत. आणि एक आहे ती ‘पांढर’. तिथं खापरं सापडतात. म्हातारी माणसं म्हणायची, गवळी राजाचं गाव होतं.

सिन्नर
निफाडच्या दादांनी शेवटी सांगितलेला शब्द खरा मोलाचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो. विद्यार्थी असताना उत्खननावर पाट्या वाहिल्या आहेत, तेवढाच माझा अधिकार.

काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या कागदांत ‘पांढरी’ म्हणजे अख्खं गाव, माणसांसकट. वस्ती उठून गेली तरी मातीचा रंग राहतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती तिथंच मुरलेल्या असतात. काळ्या रानात फिकट, भुसभुशीत, जरा उंच पट्टा, जवळ नदी आणि पायाखाली खापरं असली, की आमचे सर खाली बसायचे. खापर उचलायचे आणि नखानं वाजवायचे. जोर्वे पद्धतीचं, म्हणजे प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून नाव पडलेलं ताम्रपाषाणयुगातलं खापर असेल, तर पक्कं भाजलेलं, खणखणीत वाजतं. लाल अंगावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी. कुंभाराच्या कालच्या माठाचा तुकडा तसा बोलत नाही. (‘खापर फोडणे’ हा वाक्प्रचार आम्ही तिथं फार जपून वापरायचो.)

आता दफनाकडे येतो. गोदावरी-प्रवरेच्या आणि भीमेच्या खोऱ्यातल्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या लोकांनी मेलेल्यांवर टेकाडं रचली नाहीत. लहान मूल गेलं, की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मूल, आणि ते पुरायचं राहत्या घराच्या जमिनीखाली. मोठ्या माणसाला उत्तर-दक्षिण निजवायचे. कितीतरी सांगाड्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली आहेत. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असा अर्थ लावतात. नेवासे, दायमाबाद, इनामगाव, सगळीकडे हेच. म्हणजे आपल्याकडचा उंचवटा घरांचा आणि दफन त्याच्या पोटात. इंग्लंडातल्या विल्टशरमधला उंचवटा मुळात दफनासाठीच रचलेला, भोवती चर खणून त्यातली माती वर टाकलेली. म्हणून तिकडच्या बॅरोला ‘पांढर’ म्हणू नका, आणि इकडच्या पांढरीला ‘दफनटेकाड’ तर अजिबात नको.

नाशकातलं उदाहरण हवं तर गोदाकाठची जुनी गढी. नाव गढी, पण १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथं खणलं, तेव्हा खाली ताम्रपाषाणयुगापर्यंतचे वस्तीचे थर निघाले. दर पावसाळ्यात तिची कड ढासळली, की वर राहणाऱ्यांच्या काळजीची बातमी येते. आत काय आहे याची बातमी मी तरी वाचलेली नाही.

नागपूर
काका, ‘आपल्याकडे’ म्हणताना विदर्भ विसरलात. आमच्याकडे दफनासाठीच रचलेलं आहे आणि तेही उघड्यावर. नागपूरजवळ जुनापाणीला मोठमोठ्या धोंड्यांची गोल रिंगणं आहेत, आत बारीक दगड आणि माती भरलेली, मधला भाग किंचित फुगीर. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्येच त्यावर लिहिलंय. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. लोहयुगाचं काम, आत लोखंडी हत्यारं आणि घोड्याचं सामान सापडलंय. पुस्तकात शब्द ‘शिळावर्तुळ’, आणि त्या संस्कृतीला महापाषाणयुगीन किंवा महाश्मयुगीन.
एक फसगत सांगते. गोल दिसलं की शिळावर्तुळ नव्हे. जुन्या खळ्याचा दगडी काठही गोल असतो. पण खळ्याची आतली जमीन बैलांच्या पायांनी चोपून सपाट झालेली, वर्तुळाचं पोट भरलेलं. शिवाय खळ्याच्या काठाला कुणी माणसाला न हलणारा धोंडा कशाला आणेल?

पंचवटी
संस्कृत शिकवत होतो, म्हणून जुना हिशोब मांडतो. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात ‘श्मशान’ म्हणजे जाळायची जागा नव्हे, मृताच्या अस्थींवर रचलेला उंचवटा. तिथं तर आकारावरून भांडण आहे: देवांकडची माणसं चौकोनी रचतात, पूर्वेकडचे आसुर लोक गोल. म्हणजे तुमच्या बॅरोला नेमका प्रतिशब्द तीन हजार वर्षांच्या आसपास पडून आहे. त्याचंच प्राकृतात मसाण झालं, मराठीत मसण आणि मसणवट. उंचवटा झिजला, जागा तेवढी उरली. ‘स्तूप’चाही मूळ अर्थ ढीग किंवा रासच, पांडवलेण्यातल्या चैत्यगृहात तो ढीग अखंड कातळात कोरलेला आहे.
तेव्हा माझं मत: ‘श्मशान’ लिहा आणि खाली टीप द्या.

गंगापूर रोड, नाशिक
सर, श्मशान वाचून वाचक आधी अमरधामला जाईल, टीप नंतर वाचेल. अर्थ कितीही चोख असला तरी हा शब्द आता परत फिरायचा नाही.
सिन्नरच्या काकांचं पटलं. मथळ्यात ‘दफनटेकाड’ घेतो, विलायतेतल्यापुरतंच. ओळखण्याच्या खुणा लेखात अशा आहेत: सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावली पडते का बघा, नांगरून सपाट झालं असेल तर वरून बघा, बुजलेल्या चरात ओल टिकते म्हणून पिकाचं गडद हिरवं कडं दिसतं. ‘कडं’ शब्द मला आवडला, हातातल्या कड्यासारखाच. आणि ‘प्रागैतिहासिक’ ठेवू का?

सिन्नर
इंग्लंडसाठी ठेवा. आपल्या जोर्वेकरांना ‘आद्य-ऐतिहासिक’ म्हणायची पद्धत आहे. आणि ‘अस्थिकलश’ हा शब्द चुकूनही नको, लोक तो रामकुंडावर नेतात. ‘दफनकुंभ’ लिहा.

निफाड
रात्री वडिलांना विचारलं. आमची पांढर आता हातभरच का राहिली म्हणून. म्हणाले, आजोबांच्या वेळी घराच्या धाब्यावर दर उन्हाळ्यात नवी माती टाकायचे, पाणी गळत नाही म्हणून. ती माती पांढरीतूनच आणायचे, गाडीच्या गाडी. उरलेली गेल्या साली बागेसाठी सपाटीकरण करताना जेसीबीनं ओढली. जुन्या घराचं धाबं अजून आहे. चार वाजता वर जाऊन पाहिलं. कोपऱ्यात दोन खापरं सापडली, एकावर काळी रेघ आहे. काका, फोटो टाकतो. नखानं वाजवलं, वाजतंय.